नवा डीएसएलआर आणि शार्प फोटो

डीएसएलआरवर काढलेला फोटो किती शार्प येणार हे एकटा कॅमेरा कधीच ठरवत नाही. धरणाऱ्याचा हात, समोरच्याची हालचाल, फोकस, लेन्स, ॲपर्चर, कॅमेऱ्यातल्या आरशाचा धक्का, मधली हवा आणि शेवटी संगणकावरची प्रक्रिया, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. कॅमेरा बदलला तरी यातल्या बहुतेक गोष्टी होत्या तशाच राहतात. म्हणूनच जुना कॅमेरा देऊन मोठ्या हौसेने जास्त मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा घेणाऱ्याला पुष्कळदा सुरुवातीलाच धक्का बसतो. फोटो पूर्वीपेक्षा शार्प यायचे सोडून सॉफ्ट दिसू लागतात. कॅमेऱ्यात दोष असूही शकतो, पण ती शक्यता कमी. बहुतेक वेळा नवा सेन्सर जुन्याच चुका उघड्या करून दाखवत असतो, आणि त्या चुका एकेक करून ओळखता येतात, दुरुस्तही करता येतात.

हे नेमके कसे घडते ते दोन कॅमेऱ्यांवरून पाहता येईल. निकॉनचा डी४० हा २००६ सालचा, हौशी मंडळींत लोकप्रिय झालेला कॅमेरा. त्यात ६.१ मेगापिक्सेल आणि फोकसचे तीन बिंदू. २०१३ साली आलेला डी७१०० हा २४.१ मेगापिक्सेलचा, ५१ बिंदूंचा. दोन्हींचा सेन्सर जवळपास सारख्याच आकाराचा, सुमारे साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटर. तेवढ्याच जागेत चौपट पिक्सेल बसवायचे तर प्रत्येक पिक्सेलची रुंदी निम्मी करावी लागते. डी४० मध्ये ती सुमारे ७.९ मायक्रॉन होती, डी७१०० मध्ये ३.९ मायक्रॉन आहे. एखाद्या रेषेची कड सेन्सरवर १० मायक्रॉन धूसर उमटली, तर डी४० वर ती सव्वा पिक्सेलात आटोपते आणि नजरेला खटकत नाही. डी७१०० वर तीच कड अडीच पिक्सेल व्यापते आणि लगेच दिसते. त्यात भर म्हणजे जुन्या सेन्सरपुढे प्रतिमा किंचित मऊ करणारा जो लो-पास फिल्टर असायचा, तो डी७१०० मधून काढून टाकलेला आहे. त्यामुळे तपशील जास्त मिळतो, क्वचित बारीक चौकडीच्या कापडावर रंगीत लहरीही उमटतात, आणि हात किंवा फोकस चुकला तर तेही लपत नाही.

संगणकावर फोटो शंभर टक्के मोठा करून पाहण्याची सवय गैरसमजाला आणखी खतपाणी घालते. शंभर टक्के म्हणजे फोटोतला एक पिक्सेल पडद्यावरच्या एका पिक्सेलवर. २४ इंची फुल एचडी मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो आणि त्यात आडवे १,९२० पिक्सेल असतात. डी४० चा ३,००८ पिक्सेल रुंदीचा फोटो त्यावर असा पाहणे म्हणजे ८३ सेंटिमीटर रुंदीची प्रिंट जवळून पाहणे. डी७१०० चा ६,००० पिक्सेलांचा फोटो तसाच पाहिला तर ती प्रिंट १६६ सेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ साडेपाच फुटांची होते. एवढी मोठी प्रिंट दीड हातावरून कोणी पाहत नाही. तुलना करायचीच तर नव्या फोटोची रुंदी ३,००८ पिक्सेलांवर आणून दोन्ही फोटो शेजारी ठेवावेत. तेव्हा नवा फोटो जुन्याइतका किंवा त्याहून चांगला दिसला, तर कॅमेऱ्याला बोल लावायचे कारण उरत नाही. १२ बाय ८ इंची प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी साडेआठ मेगापिक्सेल पुरतात. घरच्या अल्बमसाठी फोटो काढणाऱ्याने पिक्सेलन् पिक्सेल तपासत बसू नये. ज्यांना भिंतीवर लावायची मोठी प्रिंट हवी, किंवा दूरच्या पक्ष्याचा भाग कापून मोठा करायचा आहे, त्यांना मात्र पुढची सगळी काळजी घ्यावी लागते.

फोटो अस्पष्ट का आला याचा पुरावा बहुतेक वेळा त्या फोटोतच असतो, आणि तो वाचायला शिकणे ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट. दिवाळीत संध्याकाळी अंगणात काढलेल्या रांगोळीचा आणि भोवतीच्या पणत्यांचा फोटो उदाहरणादाखल घेता येईल. प्रत्येक ज्योतीची छोटी रेघ झाली असेल, रांगोळीचे ठिपकेही लांबट झाले असतील, आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला असतील, तर कॅमेरा हलला. ठिपके स्वच्छ आहेत पण पणती लावणाऱ्या मुलीचा हात पुसट आहे, तर हात तिचा हलला, कॅमेरा स्थिर होता. जिच्यावर फोकस धरला ती पहिली पणती धूसर आणि मागची तिसरी लख्ख, तर फोकस मागे गेला. मध्यभाग चांगला आणि कोपऱ्यांतले ठिपके फिसकटलेले, तर लेन्स तिच्या मर्यादेबाहेर वापरली गेली. सगळी चौकट सारखीच मऊ असेल तर ॲपर्चर फार बारीक केलेले असते किंवा काच मळलेली असते. आणि रांगोळीचा रवाळपणा जाऊन ती लेपासारखी दिसत असेल, तर जास्त आयएसओवर कॅमेऱ्याने नॉइज पुसता पुसता तपशीलही पुसून टाकला आहे. फोटोसोबत शटरचा वेग, ॲपर्चर आणि आयएसओ यांची नोंद फाइलमध्ये असतेच. फोकस कोणत्या बिंदूवर होता तेही कॅमेऱ्यात किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसते. नोंद आणि खूण जुळवून पाहिली की अंदाजाने सेटिंग बदलत बसावे लागत नाही.

बिघडलेल्या फोटोंत हललेले फोटो सर्वांत जास्त निघतात. जुना ठोकताळा असा की लेन्सची फोकल लेंग्थ जेवढी, सेकंदाच्या तेवढ्याव्या भागाइतका तरी शटरचा वेग हवा. ५० मिलिमीटरला १/५०, २०० मिलिमीटरला १/२००. हा ठोकताळा ३५ मिलिमीटर फिल्मच्या आणि बेताच्या आकाराच्या प्रिंटच्या काळातला. डी४० आणि डी७१०० मध्ये असतो तसा लहान एपीएस-सी सेन्सर चित्राचा मधलाच भाग उचलतो, म्हणून निकॉनवर फोकल लेंग्थ दीडपट आणि कॅननवर १.६ पट धरावी लागते. ५० मिलिमीटरला मग वेग १/८० होतो. पिक्सेलची रुंदी निम्मी झाल्याने हाताचा तोच कंप दुप्पट पिक्सेल ओलांडतो, तेव्हा पूर्ण रिझोल्यूशनवर शार्प फोटो हवा असेल तर १/१६० धरणे शहाणपणाचे. २०१२ साली ३६.३ मेगापिक्सेलचा डी८०० आला तेव्हा निकॉनने त्याच्यासाठी खास तांत्रिक पुस्तिका काढली आणि एवढ्या पिक्सेलांवर हलणे आणि फोकसची चूक किती ठळक दिसते हे ग्राहकांना समजावून सांगितले. कॅमेरा बनवणाऱ्यालाच हे सांगावेसे वाटले, यातच काय ते आले.

वेग वाढवायचा तर प्रकाश कमी पडतो आणि आयएसओ चढवावा लागतो. इथे नवशिके बिचकतात, नॉइजच्या भीतीने आयएसओ १०० वर अडून बसतात आणि १/२० सेकंदावर हॉलमधले फोटो काढतात. हा सौदा नेहमीच तोट्याचा आहे. आयएसओ १६०० किंवा ३२०० चा नॉइज सॉफ्टवेअरने बराच कमी करता येतो, प्रिंटवर तर तो निम्मा दिसतही नाही. हललेला फोटो मात्र परत मिळत नाही. यासाठी ऑटो आयएसओची सोय आहे. किमान वेग ठरवून दिला की प्रकाश घटल्यावर कॅमेरा वेग उतरवण्याऐवजी आयएसओ चढवतो. डी७१०० मध्ये हा किमान वेग ‘ऑटो’वर ठेवला तर तो लेन्सच्या फोकल लेंग्थनुसार बदलतो, आणि तो एकदोन पायऱ्या वेगवान करून ठेवता येतो.

कॅमेरा धरण्याची पद्धतही हवी. डावा तळवा लेन्सच्या खालून, दोन्ही कोपरे छातीशी, पाय थोडे फाकवून, व्ह्यूफाइंडर डोळ्याच्या खोबणीला टेकलेला. श्वास अर्धा सोडून बटण हळूच दाबावे, खटकन मारू नये. सलग तीन फोटो घेतले तर मधला बहुधा सर्वांत स्थिर निघतो, कारण बटण दाबताना आणि सोडताना कॅमेरा हलतो, मध्ये बोट नुसते टेकलेले असते. लेन्समधली स्थिरीकरणाची यंत्रणा, निकॉनची व्हीआर आणि कॅननची आयएस, हाताचा कंप पुष्कळ खाऊन टाकते. बदलत्या लेन्सच्या एसएलआरसाठी अशी पहिली लेन्स कॅननने १९९५ साली आणली, ती ७५-३०० मिलिमीटरची. ही यंत्रणा सुरू असेल तर बटण अर्धे दाबून व्ह्यूफाइंडरमधले चित्र स्थिरावेपर्यंत क्षणभर थांबावे आणि मगच पूर्ण दाबावे.

समोरच्या व्यक्तीची हालचाल या यंत्रणेला थांबवता येत नाही. तिथे फक्त शटरचा वेग कामी येतो. बसून बोलणाऱ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, धावत्या मुलाला १/५०० ते १/१०००, उडत्या पक्ष्याला १/१६०० किंवा त्याहून जास्त, असा साधारण हिशेब धरावा.

आता फोकस. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. आरशाचा मधला भाग काहीसा पारदर्शक असतो. त्यातून पलीकडे गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावरून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या स्वतंत्र सेन्सरवर पडतो. लेन्सच्या दोन विरुद्ध बाजूंनी आलेल्या प्रतिमा हा सेन्सर ताडून पाहतो. त्या एकमेकींपासून किती सरकल्या आहेत यावरून फोकस पुढे आहे की मागे, आणि किती, हे एकदम कळते. म्हणून डीएसएलआरचा फोकस झटकन लागतो. पण त्याला ताडण्याजोगे काहीतरी लागते. सपाट रंगवलेली भिंत, गुळगुळीत गाल, अंधारातला काळा कोट यांवर तो पुढेमागे भटकत राहतो. तेव्हा बिंदू कडेवर, भुवईवर, कॉलरच्या शिवणीवर धरावा. मधला बिंदू सहसा आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा, म्हणजे क्रॉस प्रकारचा असतो. डी७१०० च्या ५१ बिंदूंपैकी असे १५ आहेत. कमी प्रकाशात कडेचे बिंदू दगा देतात आणि मधला साथ देतो.

नव्या कॅमेऱ्यावर ५१ बिंदू मिळाले की निवड कॅमेऱ्यावर सोपवण्याचा मोह होतो. पण फोटोतले महत्त्वाचे काय हे कॅमेऱ्याला ठाऊक नसते. पूर्ण ऑटोवर तो पुष्कळदा जवळची आणि उठून दिसणारी वस्तू पकडतो. मराठी लग्नातल्या नवरदेवाचा जवळून घेतलेला फोटो पाहावा. मुंडावळ्यांच्या लडी चेहऱ्यापुढे झुलत असतात, मोत्यांवर प्रकाश चमकत असतो, आणि डोळे त्यांच्यापासून तीन-चार सेंटिमीटर मागे असतात. कॅमेरा मोती पकडतो. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळे ठीक दिसते, घरी येऊन पाहिले की मोती एकेक मोजून घ्यावेत असे लख्ख आणि डोळे धुकट. यावर उपाय एकच. एकच बिंदू निवडून तो कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर ठेवायचा, ऐन क्षणी मोत्यांची लड मध्ये येत असेल तर ती बाजूला जाईपर्यंत थांबायचे.

तीन-चार सेंटिमीटरांनी एवढा फरक पडतो, कारण फोकसच्या पुढेमागे जो भाग शार्प दिसतो तो मुळातच फार पातळ असतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ वर उघडून दीड मीटरवरच्या चेहऱ्याचा फोटो काढला, तर नेहमीच्या हिशेबाने ही खोली साडेसहा सेंटिमीटर भरते. तो हिशेब मात्र साध्या प्रिंटसाठी केलेला असतो. त्यात २० मायक्रॉनपर्यंतची धूसरता चालवून घेतात, म्हणजे डी७१०० चे पाच पिक्सेल. दोन पिक्सेलांपर्यंतच चालवून घ्यायचे ठरवले तर ही खोली अडीच सेंटिमीटरांवर येते. एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ, असे फोटो यातूनच येतात. नव्या कॅमेऱ्यासोबत हौसेने एफ/१.८ ची लेन्स घेऊन सगळे फोटो पूर्ण उघड्या ॲपर्चरवर काढणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. एफ/२.८ किंवा एफ/४ वर पार्श्वभूमी पुरेशी विरते आणि चेहरा हाती लागतो.

मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस लॉक करून मग चौकट हलवण्याची पद्धत फार रूढ आहे. जवळच्या फोटोत ती नडते. दीड मीटरवर फोकस धरून कॅमेरा १५ अंश वळवला, की फोकसचे प्रतल डोळ्याच्या सुमारे पाच सेंटिमीटर मागे जाऊन पडते. वर सांगितलेल्या अडीच सेंटिमीटरांत हे बसत नाही. अंतर जास्त असेल किंवा ॲपर्चर एफ/८ च्या आसपास असेल तर चालून जाते. नाहीतर बिंदूच डोळ्यावर नेऊन ठेवणे बरे. ५१ बिंदूंचा खरा उपयोग इथे आहे.

फोकसची रीत निवडतानाही घोटाळे होतात. स्थिर वस्तूसाठी एएफ-एस, कॅननवर वन शॉट. यात बटण अर्धे दाबले की फोकस लागून तिथेच लॉक होतो. हलत्यासाठी एएफ-सी, कॅननवर एआय सर्व्हो. यात बोट दाबलेले असेपर्यंत कॅमेरा फोकस बदलत राहतो. दोन्हींतले काय वापरायचे हे कॅमेऱ्याने ठरवायची तिसरी रीतही असते, पण ती ऐन वेळी फसवते, तेव्हा ती बंद ठेवलेली चांगली. डी७१०० मध्ये आणखी एक बारकावा आहे. एएफ-सीमध्ये मूळ सेटिंग ‘रिलीज’ला प्राधान्य देणारे असते. म्हणजे फोकस लागला असो वा नसो, बटण दाबले की फोटो निघणार. एएफ-एसमध्ये उलट, फोकस लागल्याशिवाय शटर उघडत नाही. एएफ-सीवर पहिले काही फोटो सतत अस्पष्ट येत असतील तर मेनूत जाऊन हे प्राधान्य ‘फोकस’कडे वळवावे. व्ह्यूफाइंडरशेजारची डायॉप्टरची छोटी चकती आपल्या नजरेप्रमाणे फिरवून घ्यावी. ऑटोफोकसवर तिचा परिणाम होत नाही, पण हाताने फोकस करणाऱ्याचे सगळे काम तिच्यावर अवलंबून असते.

फुलांचे, किड्यांचे फोटो हा वेगळाच प्रांत. कासच्या पठारावरचे सीतेच्या आसवांचे फूल अगदी जवळून घ्यायचे, म्हणजे सेन्सरवर ते प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराचे उमटवायचे, तर एफ/८ वरही शार्प भाग जेमतेम दोन मिलिमीटर मिळतो. श्वासासोबत शरीर त्याहून जास्त पुढेमागे होते. अशा वेळी लेन्स हाताने एका अंतरावर ठेवून आपणच किंचित पुढेमागे होत फोकस साधावा आणि वारा पडण्याची वाट पाहावी. पठारावर पावसाळ्याअखेर वारा क्वचितच पूर्ण थांबतो, म्हणून घाई करणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही.

लेन्सकडे वळायचे तर जवळपास प्रत्येक लेन्स पूर्ण उघडी असताना थोडी मऊ असते आणि ॲपर्चर दोनेक पायऱ्या बारीक केले की सुधारते. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स एफ/८ वर मध्यभागी चांगलीच शार्प असते. स्वस्त टेलिझूम शेवटच्या टोकाला, ३०० मिलिमीटरवर, पूर्ण उघडी वापरली की तिचा कमकुवतपणा दिसतो. सुधारणा मात्र अमर्याद नाही. छिद्र बारीक होत गेले की प्रकाश त्याच्या कडेला पसरतो, आणि एका बिंदूची सेन्सरवर चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी एफ/८ वर तिचा व्यास सुमारे १०.७ मायक्रॉन असतो, एफ/१६ वर साडेएकवीस, एफ/२२ वर साडेएकोणतीस. डी७१०० वर एफ/१६ ची चकती साडेपाच पिक्सेल झाकते, डी४० वर तीच पावणेतीन पिक्सेलांत बसत होती. थोडक्यात, जुन्या कॅमेऱ्यावर एफ/१६ जेवढे निरुपद्रवी, तेवढे नव्यावर एफ/८. देखावा सगळा शार्प यावा म्हणून एफ/२२ लावण्याची जुनी सवय नव्या कॅमेऱ्यावर नेमके उलटे फळ देते. एफ/८ ते एफ/११ वर थांबावे.

ट्रायपॉड आला म्हणजे हलणे संपले असे नाही. फोटो काढताना आरसा उसळून वर आपटतो आणि त्याचा कंप काही क्षण टिकतो. १/१००० सेकंदात तो जाणवत नाही, दहा सेकंदांच्या फोटोत त्याचा वाटा नगण्य असतो. मधल्या पट्ट्यात, साधारण अर्ध्या सेकंदापासून १/३० पर्यंत, तो फोटो खराब करतो, विशेषतः लांब लेन्सवर. त्यासाठी आरसा आधी वर उचलून मग शटर उघडण्याची सोय असते. डी७१०० च्या डाव्या चकतीवर ती ‘एमयूपी’ (MUP) या खुणेने दिलेली आहे. केबल किंवा रिमोट नसेल तर सेल्फ-टायमर वापरावा. ५०.६ मेगापिक्सेलचा ५डीएस २०१५ साली आणताना कॅननने आरशाची हालचालच मोटरच्या ताब्यात देऊन धक्का कमी केला, यावरून हा प्रश्न किती खरा आहे ते कळते. ट्रायपॉडचा मधला दांडा उंच करू नये, आणि लेन्सच्या माहितीपत्रकात वेगळे सांगितले नसेल तर स्थिरीकरण बंद ठेवावे.

हे सगळे सांभाळूनही फोकस सतत एकाच बाजूला चुकत असेल, तर मात्र कॅमेऱ्यावर आणि लेन्सवर संशय घ्यायला हरकत नाही. डीएसएलआरमध्ये फोकस मोजला जातो एका सेन्सरवर आणि फोटो उमटतो दुसऱ्यावर. दोन्हींपर्यंतचे अंतर तंतोतंत सारखे नसेल, किंवा लेन्सची जुळणी थोडी सरकलेली असेल, तर कॅमेरा प्रत्येक वेळी इमानाने चुकीच्या जागी फोकस लावतो. तपासणी अशी करावी. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पूर्ण उघडी, समोर कॅमेऱ्याला समांतर उभे केलेले ठळक अक्षरांचे पुठ्ठ्याचे खोके, आणि त्याच्या शेजारी तिरकी ठेवलेली मोजपट्टी. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस लावून घ्यावा, दुसरा लाइव्ह व्ह्यूमध्ये. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस खुद्द फोटोच्या सेन्सरवर ठरतो, त्यामुळे ही चूक तिथे येत नाही. दोन्ही वेळी लेन्स आधी मुद्दाम फोकसबाहेर नेऊन, पुन्हा पुन्हा करून पाहावे. एखाद्या फोटोवरून निकाल देऊ नये. दोन्ही प्रकारचे फोटो सारखेच मऊ, तर लेन्सच कमी पडते. लाइव्ह व्ह्यूचे शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे सतत पुढे किंवा मागे गेलेले, तर जुळणी बिघडली आहे.

डी७१०० मध्ये ही दुरुस्ती घरच्या घरी होते. मेनूतल्या एएफ फाइन-ट्यूनमध्ये उणे २० ते अधिक २० पर्यंतचा आकडा देता येतो आणि कॅमेरा तो त्या लेन्सपुरता लक्षात ठेवतो. अधिक केले की फोकस कॅमेऱ्यापासून दूर जातो, उणे केले की जवळ येतो. कॅननच्या वरच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांत हीच सोय मायक्रोॲडजस्टमेंट या नावाने आहे. झूम लेन्सच्या दोन टोकांना वेगवेगळी चूक असेल तर एकच आकडा दोन्हीकडे लागू पडत नाही. मग जास्त वापरात असलेल्या टोकासाठी तो लावावा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या स्वस्त कॅमेऱ्यांत ही सोय बहुधा नसते, तिथे वॉरंटीच्या मुदतीत कॅमेरा आणि लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्यावे लागतात. सोबत तपासणीचे फोटो दिले तर काम सोपे होते.

कॅमेरा आणि लेन्स यांच्यापलीकडे हवा असते, आणि तिच्यापुढे कोणाचे चालत नाही. भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यात फ्लेमिंगोंचे फोटो काढायला जाणाऱ्यांना हे चांगले माहीत असते. सकाळी लवकर घेतलेल्या फोटोत पिसे वेगळी दिसतात. ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते, आणि दोनशे मीटरवरच्या पक्ष्याची कड कितीही महागड्या लेन्सने सरळ येत नाही. फोकस पुन्हा पुन्हा लावून, वेग वाढवून काही फरक पडत नाही. लवकर जावे, किंवा पक्ष्यांना न बिथरवता जेवढे जवळ जाता येईल तेवढे जावे. होडीत ट्रायपॉडही कामाचा नाही, कारण होडीच हलते. तिथे १/२००० च्या पुढचा वेग आणि हातातला कॅमेरा हेच बरे.

कोकणात आणि गोव्यात दमट हवेचा दुसरा त्रास. एसी गाडीतून किंवा खोलीतून थंडगार लेन्स घेऊन बाहेर आले की काचेवर बाष्प धरते आणि फोटो दुधाळ येतो. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेच्या तापमानाला येऊ द्यावा. पावसाळाभर कपाटात पडलेल्या लेन्समध्ये बुरशीचे जाळे धरते, त्याने फोटो फिका आणि मऊ होतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत लेन्स ठेवल्या आणि अधूनमधून वापरात ठेवल्या तर हे टळते. लेन्सवर बसवलेला स्वस्त यूव्ही फिल्टरही संशयित समजावा. तो काढून एक फोटो घेतला की लगेच कळते.

शेवटचा टप्पा संगणकावरचा. सुरुवातीच्या श्रेणीतले कॅमेरे जेपीईजी फोटो स्वतःच बरेच शार्प करून देतात. वरच्या श्रेणीत हे काम सौम्य ठेवलेले असते, कारण पुढचे काम छायाचित्रकार स्वतः करील असे गृहीत धरलेले असते. कॅमेरा बदलल्यावर जाणवणारा मऊपणा काही प्रमाणात एवढ्यानेच असतो. निकॉनच्या पिक्चर कंट्रोल सेटिंगमध्ये शार्पनिंग दोन-तीन घरे वाढवले की तो जातो. रॉ फाइलवर तर कॅमेऱ्याचे शार्पनिंग झालेलेच नसते, ते सॉफ्टवेअरमध्ये द्यावे लागते. जास्त पिक्सेलांच्या फोटोला शार्पनिंगची त्रिज्या (रेडियस) लहान, एक पिक्सेल किंवा कमी, ठेवावी. मास्किंग वापरून आकाश आणि कातडी यांसारखे सपाट भाग वगळावेत. हे शार्पनिंग कडांचा उठाव वाढवते, न टिपलेला तपशील त्यातून निर्माण होत नाही. हललेल्या फोटोवर ते चढवत गेले की कडांभोवती पांढरी रेघ तेवढी येते.

आकार लहान केला की फोटो पुन्हा थोडा मऊ होतो, म्हणून पाठवायच्या किंवा छापायच्या आकारात आणल्यावर एक हलका हात शेवटी द्यावा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होते आणि दाबली जाते, तेव्हा पूर्ण फाइल पोहोचवायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. मॅट कागदावर शाई थोडी पसरते, त्याला ग्लॉसीपेक्षा जास्त शार्पनिंग लागते. लॅबला फाइल देण्याआधी त्यांच्याकडे आपोआप शार्पनिंग होते का हे विचारून घ्यावे, आणि होत असेल तर आपले शेवटचे शार्पनिंग वगळूनच फाइल द्यावी.